शेंगाबाई आणि गंगव्वाचा रविवार

शेंगाबाईंना रिकाम्या हातांनी प्रश्न विचारताच येत नसे. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांची नजर आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं जायची. तिथं निवडायचे तांदूळ असोत, गवार असो, काहीही असो, बाई फतकल मारून बसल्याच म्हणून समजा. पदर खोचायचा, सूप मांडीवर ओढायचं आणि मग चौकशीला सुरुवात. आमच्या हुबळी-धारवाडकडं शेंगांच्या चटणीशिवाय कुणाचं ताट पुरं होत नाही, त्यामुळं सुपात बहुतेक वेळा भुईमुगाच्या शेंगाच असायच्या. त्यावरूनच हे नाव पडलं. त्यांचं खरं नाव, पदव्या, समाजशास्त्राच्या प्राध्यापिका असल्याचं, सगळं धारवाडच्या मळमड्डीतल्या त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण पोस्टमन सोडला तर ती पाटी कुणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

"रिकाम्या हातांनी विचारलं की माणूस उत्तर देतो," त्या म्हणत. "दोघांचे हात कामात असले की माणूस बोलतो. मला उत्तरं नकोत हो, बोलणं पाहिजे."

माझी त्यांची गाठ दुकानात पडली. हुबळीत कोप्पीकर रोडवर आमचं विजेच्या सामानाचं दुकान. आजोबा मिरजेकडून इथं आले ते कंदील विकायला. वडिलांनी पंखे आणले, मी मिक्सर आणले आणि कपडे धुण्याची मशिनं नवीनच निघाली तेव्हा तीही आणली. त्या वेळी दुकानावर मी एक मोठा बोर्ड लावला होता, कन्नडमध्ये आणि मराठीत: 'वेळ वाचवा, सुखी राहा.' फार कौतुक होतं मला त्या बोर्डाचं. एके दिवशी फिकट निळी स्कूटर दारात थांबली आणि चाळिशी ओलांडलेल्या एक बाई बोर्डाकडं बघत बघत आत आल्या.

"अण्णा, बोर्ड तुमचाच?"

"होय की. कुठलं मॉडेल दाखवू?"

"मॉडेल राहू दे. वाचलेला वेळ जातो कुठं, तेवढं सांगा."

दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी, आणि या बाईंचं हे. मी वैतागून म्हटलं, "बाई, मशीन विकणं माझं काम. वेळाचं काय करायचं ते गिऱ्हाइकानं बघावं."

दुसरी कुणी असती तर फणकाऱ्यानं निघून गेली असती. या खूश झाल्या! "अगदी बरोबर बोललात. मग गिऱ्हाइकाकडंच जाते. पहिलं मशीन कुणाच्या घरी गेलं?"

पहिलं मशीन आमच्याच घरी, उणकलला गेलं होतं. ब्याद टळली म्हणून मी खुशाल घरचा पत्ता सांगितला. ती ब्याद पुढं जन्मभर आमच्या घरी येत राहिली. आज ती येत नाही, तर घर ओकंबोकं वाटतं.

आमची आई साधी नव्हती. दारात आलेल्या माणसाची उलटतपासणी झाल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढं होत नसे. "काय हो बाई, सरकार तुम्हाला पगार देतं ते आमच्या धुण्याची चौकशी करायला?" असं तिनं तोंडावर विचारलं. शेंगाबाई म्हणाल्या, "होय हो, त्याच्यासाठीच देतं." आणि सूप ओढून बसल्या. दुपारी मी जेवायला घरी आलो तर सुपात दाण्यांचा ढीग आणि आई घडाघडा बोलतेय. मशीन आल्यापासून मुलं दिवसातून दोनदा कपडे बदलतात, पूर्वी आठवड्याला धुतल्या जाणाऱ्या चादरी आता कुणी शिंकलं तरी निघतात, धुणं कमी न होता दुप्पट झालंय, आणि या माझ्या दिवट्याला त्याची खबरबात नाही. दिवटा म्हणजे मी. मी निमूट जेवलो.

आमच्याकडं धुण्या-भांड्याला गंगव्वा होती. तिशीची, काळीसावळी, मोजकं बोलणारी. मशीन आल्यावर तिचं धुणं गेलं. पण म्हणून ती लवकर घरी जायला लागली होती का? छे! धुणं गेलं आणि गच्ची झाडणं आलं, मसाला कुटणं आलं, दळण आणणं आलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आपोआप होत गेलं होतं. शेंगाबाईंनी ते पहिल्याच आठवड्यात हेरलं. त्या मला म्हणाल्या, "तुमच्या बोर्डाचा हिशेब लागला, अण्णा. मशिनीनं गंगव्वाचा वेळ वाचवला आणि घरानं तो गिळला." मला राग आला. खरं बोललेलं झोंबतंच की.

आम्हाला पुष्कळ मागाहून कळलेली एक गोष्टही त्यांना तेव्हाच कळली होती. गंगव्वाची एकुलती मुलगी रेणुका जन्मापासून बहिरी. धारवाडच्या पलीकडं अशा मुलींची निवासी शाळा आहे, तिथं ती राहत होती. आईबापांना भेटायची मुभा फक्त रविवारी, तीही दुपारपर्यंत. आणि रविवार म्हणजे घरात सगळी माणसं, पाहुणे, दोनदा स्वयंपाक, भांड्यांचा डोंगर. गंगव्वा कामं उरकून बसनं पोचायची तोवर शाळेचं फाटक बंद झालेलं असायचं. पोरगी फाटकाच्या आत, आई बाहेर. गजांतून हात घालून काय बोलतील तेवढंच. पोटचं पोर हाताच्या अंतरावर, आणि जवळ घेता येत नाही. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं.

गंगव्वानं हे शेंगाबाईंना सांगितलं ते शपथ घालून. "अक्का, मालकीण अव्वारांना सांगू नका. कामाला नको म्हणतील." आणि शेंगाबाईंचा एक कडक नियम होता. एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरी न्यायचं नाही, आणि मोरीत ऐकलेलं माजघरातसुद्धा न्यायचं नाही. आईनं खोदून खोदून विचारलं तरी त्या म्हणायच्या, "दाणे खवट आहेत हो थोडे," आणि विषय तिथंच संपायचा.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. लिहिलेलं छापायला जाण्याआधी, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना ते वाचून दाखवायचं. त्यासाठी उणकलच्या मारुतीच्या देवळात त्यांनी बायकांना बोलावलं. घरमालकिणी पुढं सतरंजीवर, कामाच्या बायका मागं भिंतीला टेकून. शेंगाबाई उठून बरोबर मध्ये जाऊन बसल्या, त्यामुळं सगळ्यांनाच तोंडं फिरवून बसावं लागलं. एक वाक्य कन्नडमध्ये, एक मराठीत असं त्यांनी वाचलं. कुठल्या मशिनीनं कुठल्या घरातलं कोणतं काम गेलं, त्याच्या जागी कोणतं आलं. बायका हसत होत्या, "हे आमच्याच घरचं," म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. वाचता वाचता बाईंना आवेश चढला. कागद बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "आपल्याकडं सोमवारी बैलाला जुंपत नाहीत. बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार म्हणून त्याला आराम. मग आपल्या घरात राबणाऱ्या बाईला आठवड्याचा एक वार का नाही? ती मेहेरबानी नाही हो, तिचा हक्क आहे."

आणि आमची आई उठून उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "खरं आहे बाईचं. बैलाला मिळतंय ते बाईमाणसाला मिळायलाच पाहिजे. आमच्या गंगव्वाला आजपासून दर सोमवारी सुट्टी!" मागोमाग दुसरी उठली, तिसरी उठली. सगळ्यांनी आपापल्या बायकांना सोमवार दिला. कुणीतरी पळत जाऊन नारळ आणला आणि मारुतीपुढं फोडलासुद्धा.

सोमवार! रेणुकाची शाळा सोमवारी भरलेली असायची. शेंगाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीशी गंगव्वानं हात जोडले. देवापुढं नारळ फुटल्यावर ती बिचारी काय बोलणार? सोमवारच्या दिवशी आता ती घरी बसून भिंती सारवणार, आणि रविवारी पुन्हा बंद फाटकाशी.

दुसऱ्या दिवशी शेंगाबाई दुकानात आल्या आणि मशिनीच्या खोक्यावर मट्कन बसल्या. "अण्णा, माझी जीभ हासडून ठेवा तुमच्या गल्ल्यात. एवढा अभ्यास केला आणि ऐन वेळी मला बैल सुचला!" मला काही उमगेना. मी आपला चहा मागवला. चहा त्यांनी घेतला नाही. त्यांनी चहा नाकारलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

आला रविवार. सकाळी निळी स्कूटर आमच्या दारात. "आज गंगव्वाला जमणार नाही, बदली मी आलेय," असं आईला सांगून बाई थेट मोरीत गेल्या. आई हादरलीच. "अहो, तुम्ही कॉलेजात शिकवता! उठा आधी, लोक काय म्हणतील?" बाई कसल्या उठतात! आणि घासायच्या तरी धड? कढईचं बूड काळंच, ताटांवर साबणाचे ओघळ, दोन कपांचे कान गेले. आई त्यांच्यामागं बसून सगळी भांडी पुन्हा विसळत होती. पुढच्या रविवारी परत तेच. त्याच्या पुढच्या रविवारी आईनं त्यांच्या हातातला काथ्या हिसकावून घेतला. "बाई, तुम्ही पुस्तकं लिहा. माझ्या कढईचा जीव घेऊ नका." शेंगाबाई हसल्या, पण का येतात ते सांगेनात. शपथ होती ना!

आईनं मग गंगव्वालाच धरलं. "ही बाई दर रविवारी माझ्या मोरीत का येऊन बसते? आणि तू जातेस कुठं?" गंगव्वा आधी घाबरली, मग रडली, मग सगळं सांगितलं. तीन रविवार तिनं पोरीला पोटाशी धरून जेवू घातलं होतं. आई ऐकत राहिली. किती वर्षं ही बाई आपल्या घरात वावरतेय आणि आपल्याला हे ठाऊक नाही, याचं तिला फार लागलं. त्या रात्री जेवताना तिनं आम्हा भावांना फर्मान काढलं: रविवारी आपापलं ताट आपण घासायचं, आणि मोठी भांडी पाळीपाळीनं. "मारुतीला दिलेल्या शब्दाचं काय?" असं धाकट्यानं विचारलं. गंगव्वानंच तोड काढली. तिनं देवळात जाऊन स्वतःच्या हातानं दुसरा नारळ फोडला आणि मारुतीला सांगितलं, सोमवारी मी कामाला जाते, माझा वार बदलून दे. देव काही बोलला नाही, म्हणजे त्याला पटलं असणार.

पहिल्या हक्काच्या रविवारी आईनं शेंगांच्या पोळ्या केल्या आणि मला दुकानाची व्हॅन काढायला लावली. गंगव्वा, शेंगाबाई आणि मी असे शाळेत गेलो. रेणुका तेव्हा आठेक वर्षांची. आईला बघून पोरगी अशी धावत सुटली! मग त्या दोघी झाडाखाली बसून हातांनी बोलायला लागल्या. आमच्या घरी दिवसभर चार शब्द न बोलणारी गंगव्वा, तिचे हात थांबेनात. भुवया, खांदे, बोटं, सगळं बोलत होतं. शेंगाबाई सवयीप्रमाणे पिशवीतल्या शेंगा काढून सोलत बसल्या आणि सोलता सोलता गंगव्वाकरवी काहीतरी विचारायला लागल्या. रेणुकानं त्यांच्याकडं पाहिलं, मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि बाईंचे दोन्ही हात धरून हलवले. तिला वाटत होतं, या बाई बोलत का नाहीत?

शेंगाबाई गांगरल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर रिकाम्या हातांनी बसायची वेळ आली होती. मग त्यांनी वेड्यावाकड्या खुणा केल्या आणि रेणुका खो खो हसली. आम्ही निघालो तेव्हा तिनं अंगठा आणि बोट जुळवून शेंग फोडल्यासारखं केलं आणि बाईंकडं बोट दाखवलं. "तुमचं नाव ठेवलं तिनं, अक्का," गंगव्वा म्हणाली. परतीच्या वाटेवर उणकलचं तळं आलं तेव्हा शेंगाबाई म्हणाल्या, "अण्णा, रिकाम्या हातांनी बसायचं नाही हा माझा पहिला नियम. तो मोडला आज."

त्यानंतर त्यांनी रविवारचा ध्यासच घेतला. कामाच्या बायकांना घेऊन कचेऱ्यांत गेल्या, साहेबांशी भांडल्या, गल्लीगल्लीत बैठका घेतल्या. बैल मात्र पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. सगळ्या घरांनी ऐकलं असं नाही. काही मालकिणींनी दारं लावून घेतली, एकीनं तर स्कूटरवर खरकटं पाणी फेकलं. बाई रुमालानं सीट पुसून पुढच्या घरी गेल्या. त्या तापट होत्या, भराभर चालायच्या, कुणाचं कौतुक करताना हात आखडता. त्यांच्या हातचा चहा तर शत्रूलाही देऊ नये असा. पण उणकलच्या आमच्या भागात रविवारी मोरीत पुरुष दिसायला लागले, ते या बाईमुळं. मी दुकानावरचा बोर्ड उतरवला. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण तो बघताना मलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं होतं.

वर्षं गेली. आई गेली, माझी सून घरात आली. रेणुका शिवणकाम शिकून गदगला नोकरीला लागली आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारीच, आईकडं यायची. ज्याच्या त्याच्या हातात फोन आले, त्यात एकमेकांची तोंडं दिसायला लागली, आमच्या दुकानातही ते विकायला आले. आमच्या सुनेनं, मनानं चांगली आहे ती, गंगव्वाला असा एक फोन घेऊन दिला. गंगव्वानं तिची दृष्ट काढली. पण काही दिवसांनी घरात पाहुण्यांची वर्दळ वाढली आणि सून म्हणाली, "गंगव्वा, आता रेणुका रोज दिसते की तुला. मग रविवारी यायला काय हरकत? रोजच्यासारखंच ये."

गंगव्वा मान खाली घालून उभी राहिली. इतक्या वर्षांनी, आणि तेही माझ्याच दुकानातून गेलेल्या फोनवरून, तो रविवार पुन्हा जाणार होता. मी शेंगाबाईंना फोन केला. स्कूटर केव्हाच सुटली होती, काठी आली होती. रिक्षा करून त्या आल्या. सुनेला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. बाईंनी भाषण केलं नाही. त्या स्वयंपाकघरात खाली बसल्या, शेंगांचं सूप ओढलं आणि म्हणाल्या, "गंगव्वा, लाव बघू रेणुकाला फोन. मला तिला बघायचंय. तुझं काम चालू दे."

गंगव्वानं फोन मिक्सरला टेकवून उभा केला. पडद्यावर रेणुका आली, हसली, हातांनी भराभर काहीतरी सांगायला लागली. गंगव्वाचे हात साबणात. तिनं एक हात वर केला तर कोपरापर्यंत फेस, बोटं दिसेनात. हात पुसायला गेली तोवर फोन घसरला. पुन्हा उभा केला, तर रेणुका दोन्ही हात पसरून विचारत होती, काय? काय म्हणालीस? गंगव्वानं ओल्या हातात कढई तशीच धरली आणि नुसती मान हलवली. पडद्यावरची पोर थांबली.

शेंगाबाई सोलता सोलता सुनेला म्हणाल्या, "या मायलेकींना बोलायचं तर हात मोकळे लागतात ग, बाळ."

सुनेनं जाऊन नळ बंद केला, गंगव्वाच्या हातातली कढई काढून घेतली आणि तिला कोरडा टॉवेल दिला. रविवार राहिला. पुढं कुणी त्याचं नाव काढलं नाही.

शेंगाबाई गेल्या त्या थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. शनिवारी दिवेलागणीला निरोप आला. सकाळी मी मळमड्डीला पोचलो. मला वाटलं होतं, चार शेजारी, कॉलेजातली काही माणसं, दुपारपर्यंत सगळं आटोपेल. एकट्या बाईला कोण असतं? फाटकाशी आलो आणि मला पुढं जाता येईना. अंगण भरलं होतं, पायऱ्या भरल्या होत्या, रस्त्यावर रिक्षांना वाट नव्हती. उणकलच्या, हुबळीच्या, धारवाडच्या, कुठकुठल्या घरांत राबणाऱ्या बायका. हातात पिशवी नाही, घड्याळाकडं बघणं नाही, कुणाला कामावर परतायची घाई नाही. मला आधी कळेचना की या वेळी या सगळ्या जणी इथं कशा. मग लक्षात आलं, आज रविवार.

वाचलेला वेळ जातो कुठं, असं त्यांनी माझ्या दुकानात येऊन विचारलं होतं. बाई, तो तुमच्या अंगणात बसला होता हो! तुम्ही बघायला पाहिजे होता.

अंगणात मधोमध बाईंना ठेवलं होतं. गंगव्वा त्यांच्या पायाशी बसली होती, रेणुका तिच्याशेजारी. रेणुकानं पुढं होऊन बाईंचे थंड हात आपल्या हातांत घेतले, जरासे हलवले, जसे लहानपणी झाडाखाली हलवले होते. मग खाली ठेवले. वळून आम्हा सगळ्यांकडं बघत तिनं अंगठा आणि बोट जुळवलं आणि शेंग फोडली. गंगव्वानं तीच खूण केली. मग तिच्यामागच्या बाईनं, मग तिच्या शेजारचीनं. बघता बघता सगळं अंगण, एक शब्द न बोलता, बाईंना नावानं हाक मारत होतं. फाटकाशी उभ्या उभ्या मीही माझे हात वर केले.